गाडीची टिचबटणं

"धप्प" असा आवाज झाला आणि बघता बघता माझ्या गाडीच्या डाव्या दाराची काच नाहीशी झाली. फुटली नाही हं, नाहीशी झाली! सरळ दाराच्या पोटात जाऊन बसली. बाहेर श्रावणातली सर, आत आम्ही चौघी. पुढच्या सीटवरच्या मावशींच्या हातात काच वरखाली करायचं हँडल, आणि ते नुसतं गरागरा फिरतंय. मावशी बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, "बाप्पा! ताई, म्या काई नाई केलं जी. नुसतं फिरवलं."

रिसोड तालुक्यातल्या एका गावी बचत गटाची बैठक होती, ती आटोपून आम्ही वाशिमला येत होतो. मावशी आणि गटातल्याच एकीची सून मुक्कामाला माझ्याकडेच निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात न्यायचं होतं. मावशींचे डोळे दाखवायचे होते, सुनेला पाचवा महिना, तिची तपासणी. आणि ऐन वेळी गाडीचं दार असं 'आ' करून बसलेलं!

आमची गाडी म्हणजे जुनी, छोटी, पांढरी. बारा वर्षं झाली तिला. यांची नोकरी पुसदला, शनिवारी येतात, रविवारी रात्री जातात. त्यामुळे गाडी माझ्याच ताब्यात. चालवायला मी पस्तिशीनंतर शिकले. पण बॉनेट उघडून आत डोकावायचं म्हटलं की आपण बायका चार पावलं मागे सरतो ना, तशीच मीही होते. गावात शिरल्या शिरल्या गाडी गॅरेजवर नेली. तिथल्या भाऊंनी दाराला कान लावला, हँडल फिरवून पाहिलं आणि निदान केलं, "आतली मशीन गेली ताई. पूर्ण बदलावी लागते. चार दिवसांनी येईल." किंमत ऐकली. आमच्या घरचा महिन्याचा किराणा त्यात आला असता.

"पण मोडलंय काय नेमकं?"

"प्लॅस्टिकचा एक तुकडा असतो काच धरायला. तो एकटा नाही भेटत."

मला ते वाक्य घरी येईपर्यंत टोचत राहिलं. एक प्लॅस्टिकचा तुकडा! यांना फोन केला तर सांगितलं, "हात लावू नकोस, मी शनिवारी येतो, बघू." वार होता बुधवार. मावशींची तारीख गुरुवारची.

रात्री नऊ वाजता पोर्चमधला दिवा लावला आणि मी ते दार उघडायला बसले. बारावीतला लेक बॅटरी धरून उभा. त्याच्या चेहऱ्यावर 'आईचं आता काय होणार' हा प्रश्न स्पष्ट दिसत होता.

हँडल काढायचं कसं, इथपासून अडचण. त्याला वरून स्क्रूच नाही! गॅरेजमधल्या पोरानं जाता जाता एक युक्ती सांगितली होती, ती आठवली. हँडलच्या मागे घोड्याच्या नालाच्या आकाराची एक तारेची क्लिप असते. जुनं सुती फडकं दोन्ही हातांनी ताणून हँडलच्या मागच्या फटीत घालायचं आणि पाठ घासल्यासारखं इकडून तिकडे ओढायचं. दोन-तीन वेळा ओढलं आणि 'टिंग' करून क्लिप उडाली. ती शोधायला वीस मिनिटं गेली, तो भाग वेगळा. पण इतका आनंद मला बी.ए.च्या निकालालाही झाला नव्हता.

त्या आनंदातच घोळ झाला. स्क्रू काढले, आणि दाराच्या आतलं ते मोठं पॅड असतं ना, ते वरच्या कोपऱ्यात धरून जोरात ओढलं. कट्. परत ओढलं. कट्, कट्. पॅड हातात आलं तेव्हा मागच्या नऊ क्लिपांपैकी चार तुटल्या होत्या, आणि दोन ठिकाणी तर क्लिप बसायची पॅडवरची खोबणच उचकटून निघाली होती. पॅडमागे दाराला पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला होता. मला वाटलं, नव्या गाडीचं पॅकिंग कुणी काढायचं राहिलं असावं. तो मी टराटरा फाडला. या शहाणपणाची शिक्षा पुढे मिळाली, सांगते.

आत बॅटरी मारली तर काच खाली बसलेली, आणि तिला उचलून धरणारा प्लॅस्टिकचा ठोकळा मधोमध तडकलेला. एवढासा, सुपारीच्या डबीएवढा. ती रात्र निभावण्यापुरतं मी इतकंच केलं: काच हातानं वर चढवली, पडद्याचा जुना लाकडी दांडा मापानं कापला, दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि काचेच्या खालच्या पट्टीखाली दाराच्या आत उभा ठोकून बसवला. काच घट्ट बंद. आता खाली होणार नाही, पण पाऊसही आत येणार नाही. पॅड मात्र पाचच क्लिपांवर लोंबत होतं. ते चिकटपट्टीनं चिकटवलं. सकाळी मालेगाव येईपर्यंत पट्टी सुटली आणि पॅड खडखडायला लागलं. मग मावशींनी ते एका हातानं दाबून धरलं, ते अकोल्यापर्यंत, आणि येतानाही वाशिमपर्यंत. डोळ्यांत औषध घातलेलं, दिसत काही नाही, पण हात दाराला!

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा क्लिपांचं काय कौतुक? पण आपल्या गाडीकडे एकदा नीट बघा. दाराचं पॅड, बंपर, चाकावरचं आतलं काळं आच्छादन, डिक्कीचा गालिचा, इंजिनाखालची ढाल, हे सगळं प्लॅस्टिकच्या क्लिपांनी धरलेलं असतं. स्क्रूला वेळ लागतो, क्लिप एका दाबात बसते, म्हणून कारखान्यांनी ती आपलीशी केली. आपल्या भाषेत ही गाडीची टिचबटणं. ब्लाउजच्या टिचबटणाचे दोन भाग असतात ना, एक या कडेला, एक त्या कडेला, तसंच इथे आहे. क्लिपचं डोकं पॅडच्या खोबणीत अडकतं आणि तिचं टोक दाराच्या पत्र्यातल्या भोकात. टिचबटण कधी मोडतं, आणि कधी बटण शाबूत राहून कापडच फाटतं. दोन्हींवरचा इलाज एक नाही. हे साधं गणित मला त्या आठवड्यात उमगलं, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

क्लिप मोडली असेल तर ती जोडत बसू नका. अगदी सरळ सांगते, विकत आणा. मी दोन दिवस पाच रुपयांच्या झटपट गोंदानं त्या चार क्लिपा चिकटवत होते. बोटं चिकटली, क्लिपा नाही चिकटल्या. चिकटल्याशा वाटल्या, त्या दाबताच सुटल्या. शनिवारी पाटणी चौकाच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानात मोडकी क्लिप नमुन्याला घेऊन गेले, तर तशाच दहा क्लिपा भेळीच्या पैशांत मिळाल्या. फक्त नमुना नेताना दोन गोष्टी बघा: डोक्याचा घेर आणि टोकाची जाडी. टोक जरा बारीक निघालं तर दार खडखडतं, जाड निघालं तर पुढच्या वेळी काढताना खोबण घेऊनच बाहेर येतं.

खरी दुरुस्ती खोबणीची. ती पॅडलाच ओतलेली असते, वेगळी मिळत नाही. ती मोडली की पूर्ण पॅड बदला म्हणतात. हे 'पूर्ण बदला' प्रकरण फक्त माझंच नाही बरं का. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका काय, तर सुटे भाग खुल्या बाजारात सहज मिळू देत नाहीत. प्रकरण पुढे वरच्या पायऱ्या चढलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही शेतीची अवजारं, मोबाईल आणि घरगुती उपकरणांच्या जोडीला वाहनं आहेत. कागदावर हक्क आला, छान झालं. पण माझी खोबण अजून मोडकीच होती!

तिचा इलाज मावशींनी सांगितला. पुढच्या बैठकीला त्यांनी दाराकडे बघत विचारलं, "ताई, बादली फुटली का आपण काय करतो?" मी म्हटलं, टाकून देतो. त्या हसल्या. "तुमी टाकता. आमी जोडतो." त्यांच्या घरी चुलीत उलथनं तापवून, दुसऱ्या फुटक्या बादलीचा तुकडा वितळवून बादलीची चीर भरतात. वर्षानुवर्षं! गावोगावी हे चालतं, आपण फक्त बघितलेलं नसतं.

हे ऐकून मी घरी येऊन पॅड उलटं केलं. गाडीच्या प्लॅस्टिकच्या भागांवर मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरं उमटवलेली असतात. पीपी, एबीएस, पीए अशी. ही प्लॅस्टिकची जात. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मायक्रोवेव्हला चालणारे डबे बहुतेक त्याचेच. त्याला झटपट गोंद जवळजवळ लागतच नाही. त्याचा पृष्ठभागच मेणचट. त्याला वितळवूनच जोडायचं, तेही पीपीलाच पीपी. मावशींची बादली-विद्या इथे चालते. मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्यांकडून सोल्डरिंगची सळई आणली, खोबण जागेवर धरली, चारी बाजूंनी कडा वितळवून बसवली आणि वरून स्टेपलरच्या दोन पिना तापवून आडव्या रुतवल्या. कापडाला टाके घालतो ना, अगदी तसे. मग तुटक्या डब्याची एक चकती वितळवून वर लेप दिला. (डबाही पीपीच होता. तळाशी पाच आकडा असलेला त्रिकोण असतो, त्यावरून ओळखायचं.) दिसायला ओबडधोबड, पण आतल्या बाजूला कोण बघतंय!

एबीएसची गंमत निराळी. ते असिटोनमध्ये विरघळतं. नखांचं पॉलिश काढायचं रिमूव्हर असतं ना, त्यातल्या काहींमध्ये हेच असिटोन असतं. बाटलीवर वाचून घ्यायचं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचा कीस काचेच्या बाटलीत असिटोनमध्ये टाकला की तासाभरात दाट खळ तयार होते, ती तडीत भरायची आणि दिवसभर हात लावायचा नाही. लेकानं डॅशबोर्डच्या एका मोडक्या अडकणीवर हा प्रयोग केला आणि तो फसला नाही. मात्र असिटोन झटकन पेट घेतं, तेव्हा स्वयंपाकघरात हे चाळे नकोत. आणि वितळवायचं काम अंगणात. त्या धुरानं डोकं दुखतं, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका.

राहिलं पीए, म्हणजे नायलॉन. बऱ्याचशा क्लिपा याच्याच. अमेरिकेत ड्यू पॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञानं १९३५ साली हे शोधलं. आधी दात घासायच्या ब्रशात आलं, मग १९४० मध्ये बायकांच्या मोज्यांत. मोज्यांवरून गाडीच्या दारात! नायलॉनला तहान असते. हवेतली ओल ते शोषून घेतं, आणि ओल असली तर चिवट राहतं. सुकलं की ठिसूळ होतं. आता आपल्या वऱ्हाडातला मे महिना आठवा. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, हवा कोरडी ठणठणीत, आणि गाडी दुपारभर उन्हात. अशी बारा उन्हाळे काढलेली क्लिप ओढल्यावर 'कट्' म्हणणार नाही तर काय करणार? म्हणून जुन्या गाडीची पॅडं काढायची तर पावसाळ्याच्या आसपास काढावी, आणि थंडीत काढायचीच झाली तर सकाळी नको, दुपारी ऊन खाऊ द्यावं आधी. क्लिपांच्या जागी गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं टेकवली तरी फरक पडतो. कोरड्या पडलेल्या केबल टायही मी आता कोमट पाण्यात बुडवून मग वापरते. उन्हानं जळून पांढुरकी झालेली क्लिप मात्र पाण्यानं जिवंत होत नाही.

केबल टायवरून आठवलं. ती दातेरी पट्टी मॉरस लोगन नावाच्या गृहस्थांनी १९५८ मध्ये आणली. विमानाच्या कारखान्यात कामगार मेणाच्या दोऱ्यानं तारांच्या जुड्या बांधतात आणि त्यांची बोटं सोलून निघतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मला या पट्टीचं फार कौतुक आहे. चाकावरचं काळं आच्छादन कडेला फाटलं तर दोन्ही बाजूंना भोकं पाडून केबल टायनं शिवता येतं. बंपरची अडकण तुटली तर तीही. आमच्या गाडीचं डावं आच्छादन असंच चार टाक्यांवर गेले दोन पावसाळे उभं आहे.

काढायची रीत बोटांना एकदा कळली की मोडतोडच कमी होते. मी पॅड वरच्या कोपऱ्यात धरून ओढलं, तिथेच चुकलं. क्लिप जिथे आहे तिथेच, अगदी तिला खेटून, जोर लावायचा. लाकडी उलथनं फडक्यात गुंडाळून फटीत घालायचं, खालच्या कडेपासून सुरुवात करायची, आणि जेवणाचा काटा क्लिपच्या मानेखाली सरकवून उचलायचा. काट्याचे दात बरोबर मानेच्या दोन्ही बाजूंना बसतात. आमच्या घरातला एक काटा आता कायमचा गाडीचा झाला आहे. दाराच्या क्लिपा सुरूच्या झाडासारख्या असतात, खाली निमुळत्या, बाजूंना फांद्या. त्या ओढूनच निघतात. पण बंपरखाली आणि चाकावर दुसरी जात असते, दोन भागांची. तिच्यात मधली खुंटी आधी वर उचलायची, मगच बाकीची क्लिप सैल होते. काहींची खुंटी उलट आत दाबायची असते. आधी मधल्या खुंटीला नखानं चाचपून बघा. न बघता पकडीनं पिळलं की डोकं हातात येतं आणि टोक आत राहतं. परत बसवताना खुंटी वर ओढून ठेवायची, क्लिप भोकात घालायची, मग खुंटी दाबायची.

आणि तो फाडलेला प्लॅस्टिकचा कागद? काचेच्या फटीतून दारात उतरणारं पावसाचं पाणी खालच्या भोकांतून बाहेर जावं, आत गाडीत येऊ नये, म्हणून तो असतो. तो मी फाडला आणि आठ दिवसांत पायाखालचा गालिचा ओला होऊन गाडीला कुबट वास यायला लागला. शेवटी जाड प्लॅस्टिक आणून, मापानं कापून, कडांना चिकट टेप लावून नवा पडदा केला. ठोकळ्याचं म्हणाल, तर तो अकोल्याला भंगारातल्या गाडीच्या दारातून अख्खा मिळाला. पडद्याचा दांडा निवृत्त झाला. यांनी शनिवारी काच चार वेळा वरखाली करून बघितली आणि म्हणाले, "बरी फिरते." यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे पहिला नंबरच!

एवढ्यावर माझं डोकं हवेत गेलं. गाडीतल्या कुठल्याही प्लॅस्टिकला मी आता घाबरत नव्हते. आणि तिथेच मी घसरले.

चालकाच्या पायाखालचं मॅट जागेवर धरायला जमिनीला दोन आकडे असतात. दसऱ्याला गाडी धुताना त्यातला एक माझ्याच हातून मोडला. दुसरा आधीच ढिला होता. एवढासा आकडा, कुणाला दिसत नाही, त्याची काय मातब्बरी! मी मॅटला भोक पाडून सुतळीनं बांधून टाकलं. स्वतःच्या हुशारीवर खूषही झाले.

दिवाळीनंतर त्याच सुनेला तपासणीला घेऊन निघाले. आठवा लागला होता तिला. मावशी मागे तिच्याजवळ. मेडशी मागे टाकून पातूरच्या घाटात एका ट्रकला ओलांडायला मी ॲक्सिलेटर पूर्ण दाबला. ट्रक मागे पडला, पाय उचलला, आणि गाडीचा वेग काही कमी होईना. इंजिन तसंच ओरडतंय, पुढे वळण, उतार. एक क्षण काही सुचलंच नाही. मग क्लच दाबला, ब्रेकवर सगळं वजन टाकलं, गाडी कडेला घेतली आणि थांबल्यावर किल्ली फिरवली. खाली वाकून बघते तर सुतळी सुटलेली, मॅट पुढे सरकलेलं आणि त्याची कड ॲक्सिलेटरच्या पट्टीवर चढून बसलेली.

मागून मावशींनी विचारलं, "काऊन थांबलो ताई?" मी म्हटलं, "काही नाही, पाणी पिऊ." हात इतके थरथरत होते की बाटलीचं झाकण उघडेना. मॅट काढून डिक्कीत टाकलं आणि उरलेला रस्ता चाळीसच्या वर गेले नाही.

शनिवारी यांना सांगितलं. मला वाटलं, आता 'सांगितलं होतं ना, हात लावू नकोस' ऐकावं लागणार. हे काहीच बोलले नाहीत. उठून गाडीशी गेले, रिकाम्या जागी बसले, एकेक पाय पट्ट्यांवर ठेवून बघितला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

नंतर वाचण्यात आलं. २००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एका गाडीत असंच झालं होतं. दुसऱ्याच मॉडेलचं जाड मॅट, आकड्यात न अडकवलेलं. ॲक्सिलेटर त्यात अडकला. एकाच घरातली चार माणसं गेली. पुढच्या महिन्यात टोयोटा कंपनीनं तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाकडचं मॅट काढून ठेवा म्हणून कळवलं. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली. त्या सुतळीची गाठ मीच मारली होती ना.

त्यानंतर मी काही गोष्टींना हात लावायचं सोडलं आणि त्याची लाज वाटत नाही. पायाखालच्या तिन्ही पट्ट्यांच्या आसपास काहीही मोडलं, अगदी बटणाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा खाली पडलेला दिसला, तरी गाडी थेट मेकॅनिककडे. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या धरणाऱ्या क्लिपा, स्टिअरिंग, सीटबेल्ट, इथे केबल टाय नको नि मावशींचं उलथनंही नको. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत, पण तुमच्या नव्या गाडीत असतील. तर दाराच्या किंवा छताजवळच्या खांबाच्या आत पिवळ्या वेष्टनाची वायर दिसली की तिथूनच मागे फिरा. तिथल्या क्लिपा बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायच्या असतात. आणि मॅटचे आकडे? ते मी जसेच्या तसे नवे आणले. आता गाडी काढण्याआधी आरशाकडे बघायच्या आत मॅट ओढून बघते. गटातल्या दोघी-तिघी गाडी शिकताहेत, त्यांनाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पट्टी अडकलीच तर क्लच, ब्रेक एकदाच घट्ट, कडेला, आणि थांबल्यावरच किल्ली. धावत्या गाडीत किल्ली काढली तर स्टिअरिंग अडकू शकतं.

सुनेला मुलगी झाली. बारशाला गेले होते, तर मावशींनी पाळण्याचं एक प्लॅस्टिकचं कडं दाखवलं. पाळणा नवाच, पण कडं चिरलेलं होतं. मी सवयीनं उलटं करून अक्षरं शोधायला लागले. त्यांनी ते हातातून काढून घेतलं, "याले नाई जोडायचं ताई. याच्यात लेकरू झोपते." आणि पितळेचं कडं घातलं.

माझ्याकडे लोणच्याची एक रिकामी बरणी आहे, त्यात आता साठ-सत्तर क्लिपा जमल्यात. काळ्या, पांढऱ्या, मोठ्या टोप्यांच्या, लहान. परवा दुपारी दारावर गॅरेजमधलं तेच पोरगं उभं. "ताई, भाऊनं पाठवलं. ते पांढरी, चपट्या डोक्याची क्लिप हाये का एखादी? गिऱ्हाईक थांबलंय." मी बरणी पालथी केली. चपट्या डोक्याच्या तीन निघाल्या, दोन त्याला दिल्या.